बटणाचे नऊ पूर्वज

या वीकेंडला वंशावळ काढायला बसलोय. आमच्या घराण्याची नाही, एका बटणाची.

डब्ल्यूपीएफ हे मायक्रोसॉफ्टचं स्क्रीन बनवायचं फ्रेमवर्क. नोव्हेंबर २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर आलं. आता जुनं झालंय, पण कारखान्यांत, लॅबमध्ये, गोदामांत चालणारी कितीतरी विंडोज ॲप्लिकेशन्स अजून त्याच्यावरच उभी आहेत आणि त्यातली काही आमच्यासारख्यांच्या गळ्यात मेंटेनन्सला पडतात. तर या डब्ल्यूपीएफमधलं एक साधं 'ओके' लिहिलेलं बटण घ्या. त्याचा बाप बटनबेस, त्याचा बाप कंटेंटकंट्रोल, मग कंट्रोल, फ्रेमवर्कएलिमेंट, यूआयएलिमेंट, व्हिज्युअल, डिपेंडन्सीऑब्जेक्ट, डिस्पॅचरऑब्जेक्ट आणि सगळ्यांचा मूळपुरुष ऑब्जेक्ट. नऊ पिढ्या! श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं सांगताना गुरुजींसमोर आपली तारांबळ उडते, इथे नऊ.

आणि एवढं मोठं खानदान असलेलं हे बटण स्क्रीनवर आणायला आपण लिहितो काय, तर एक ओळ. टोकदार कंसात 'बटन', रुंदी बरोबर "१००", मार्जिन बरोबर "१०,५", बॅकग्राउंड बरोबर "रेड". संपलं. नऊ पूर्वजांपैकी एकाचंही नाव घ्यावं लागत नाही. गंमत म्हणजे यातला "१००" हा आकडा नाहीच, ती अवतरणचिन्हांतली अक्षरं आहेत. "१०,५" म्हणजे डावी-उजवीकडे दहा आणि वर-खाली पाच अशी मोकळी जागा. "रेड" तर सरळ शब्दच आहे, आणि बटणाला शब्द नको असतो, ब्रश हवा असतो.

अशा लिहिण्याला डिक्लेरेटिव्ह म्हणतात. काय हवंय ते सांगायचं, कसं करायचं ते नाही. खानावळीत बसून 'एक थाळी' म्हणावं तसं. कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते आपण सांगत नाही. पण म्हणून थाळी आपोआप येते असं थोडंच आहे? आत कोणीतरी राबत असतं. इथे राबणारे दोघं आहेत. एक इनहेरिटन्स, म्हणजे वारसा. दुसरं टाइप कन्व्हर्जन, म्हणजे रूपांतर. टॅग म्हणजे नक्की कोण हे वारसा सांगतो, आणि अवतरणातल्या अक्षरांचा अर्थ काय हे रूपांतर ठरवतं. इंजिनिअरिंगला हे दोन वेगवेगळे चॅप्टर होते. वारसा शिकवताना आकार, वर्तुळ, चौकोन. रूपांतर शिकवताना इंटचा फ्लोट. दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही. मला मात्र त्यांचा इतिहास एकत्रच वाचावा असं वाटायला लागलंय, कारण लिहिताना झालेली चूक लिहिणाऱ्याला दिसणार की थेट वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर जाऊन बसणार, हे या दोघांवर ठरतं.

वारशाची गोष्ट सुरू होते एका टोलनाक्यावर. टोलनाका म्हटलं की आपलं रक्त वेगळ्याच कारणाने उसळतं, पण हा टोलनाका कागदावरचा होता आणि नॉर्वेत होता. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघं सिम्युलेशनसाठी भाषा बनवत होते. सिम्युला नाव तिचं. कारखान्यातलं काम, बंदरातली जहाजं, खिडकीवरची रांग, असल्या गोष्टी कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या हा त्यांचा धंदा. त्यांच्या डोक्यात घोळणारं एक उदाहरण असं: पूल आहे, पुलावर टोलनाका आहे, आणि नाक्यासमोर वाहनांची रांग आहे. रांगेत ट्रक आहेत आणि बसेस आहेत.

आता रांगेच्या दृष्टीने ट्रक काय न् बस काय, दोघं सारखेच. मागे कोण, पुढे कोण, सरकायचं कधी. पण ट्रकला माल आहे आणि बसला प्रवासी आहेत. मग लिहायचं कसं? ट्रकची रांग वेगळी आणि बसची वेगळी लिहिली तर एकच काम दोनदा, आणि खऱ्या नाक्यावर तर रांग एकच असते. दोघांना एकाच वाहनात कोंबलं तर ट्रकलाही प्रवासी ठेवायची जागा द्यावी लागते. टोनी होर यांनी रेकॉर्ड आणि त्याचे पोटप्रकार अशी एक कल्पना त्याच सुमारास मांडली होती. १९६६ साली फ्रान्समध्ये व्हिलार-द-लान्स इथे नाटोचं समर स्कूल झालं, तिथे त्यांनी यावर व्याख्यानं दिली. ती कल्पना ओस्लोकरांच्या डोक्यात होतीच. १९६६-६७ च्या हिवाळ्यात त्यांना उत्तर सापडलं. रांगेत उभं राहायला जे काही लागतं ते एका क्लासमध्ये ठेवायचं, आणि ट्रकचा क्लास लिहिताना त्या क्लासचं नाव अगोदर लावायचं. नावाआधी नाव, म्हणून त्यांनी त्याला प्रीफिक्स म्हटलं. वारसा हा शब्द नंतर चिकटला. मे १९६७ मध्ये ओस्लोजवळ लिसेबू इथल्या परिषदेत त्यांनी क्लास आणि सबक्लासवरचा पेपर वाचला, आणि सिम्युला ६७ जगापुढे आली. या कामासाठी दोघांना २००१ चं ट्युरिंग ॲवॉर्ड मिळालं. पुढच्याच वर्षी डाल जूनमध्ये गेले आणि नीगार्ड ऑगस्टमध्ये.

मला हे उदाहरण कॉलेजातल्या वर्तुळ-चौकोनापेक्षा शंभरपट आवडतं. वर्तुळ-चौकोनात 'हा त्याचा प्रकार आहे' एवढंच कळतं, त्याने होणार काय ते कळत नाही. टोलनाक्यावर ते लख्ख दिसतं. वारसा मुळात रांगेसाठी आला. रांगेला आत कोण उभं आहे ते न विचारता काम करता यावं म्हणून आला. आणि आजची स्क्रीन म्हणजे दुसरं काय आहे? एक पॅनेल, त्याच्या पोटात बटण, टेक्स्टबॉक्स, चित्र. पॅनेल प्रत्येकाला फक्त 'तुला किती जागा लागेल' एवढंच विचारतं. तीच नाक्यावरची रांग.

पुढे झेरॉक्सच्या पार्कमध्ये ॲलन के आणि मंडळींनी स्मॉलटॉक केली, खिडक्या आणि माउसवाली स्क्रीन केली. तिथे एक गंमत आहे. ज्या भाषेमुळे ऑब्जेक्ट ओरिएंटेड हा शब्द रूढ झाला त्या स्मॉलटॉकच्या १९७२ च्या आवृत्तीत वारसा नव्हताच! सिम्युलातली पद्धत के यांच्या मनाला पटली नव्हती, म्हणून त्यांनी तो बाजूलाच ठेवला. तो आला स्मॉलटॉक-७६ मध्ये. म्हणजे वारसा हवा का नको हा वाद आजकालच्या रिॲक्टवाल्यांनी काढलेला नाही, चांगला पन्नास वर्षांचा जुना आहे.

जाता जाता: ते मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर १९७९ साली पार्कमध्ये पाहुणे म्हणून असताना मांडणारे ट्रुग्वे रेन्स्काउग नॉर्वेचे. १९९४ साली सीएसएस सुचवणारे हॉकोन विउम ली नॉर्वेचे. क्यूटी बनवणारी ट्रोलटेक ओस्लोची. पुणे जिल्ह्याहून कमी लोकवस्तीचा देश! तिथल्या पाण्यात काय आहे कोण जाणे.

असो. आता दुसऱ्या गड्याकडे येऊ.

रूपांतर हे वारशापेक्षा जुनं. पूर्णांक आणि अपूर्णांक यांची बेरीज करायची म्हटलं की कोणीतरी कोणाच्या तरी रूपात यायलाच हवं. ॲल्गॉल ६८ च्या मंडळींनी आपोआप होणाऱ्या रूपांतराला कोअर्शन असा शब्द वापरला, म्हणजे सक्ती. शब्द अगदी चपखल आहे. आयबीएमच्या पीएल/वन या भाषेत तर जवळपास कशाचंही काहीही होऊ शके. त्यात '७ < ६ < ५' असं लिहिलं तर उत्तर खरं येतं. कसं? सात सहापेक्षा लहान नाही, म्हणजे खोटं. खोट्याचं रूपांतर होऊन झालं शून्य. शून्य पाचापेक्षा लहान आहे. झालं की खरं! सीमध्येही हेच उत्तर येतं, करून बघा. भाषेने मदत केली, आपण बुडालो.

स्क्रीनच्या जगात या सक्तीचा कळस म्हणजे टीसीएल आणि टीके. बर्कलीच्या जॉन ऑस्टरहाउट यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टीसीएल केली आणि तिच्या जोडीला खिडक्या-बटणांचं टीके केलं. नियम एकच: सगळं काही स्ट्रिंग आहे. आकडा स्ट्रिंग, रंग स्ट्रिंग, यादी स्ट्रिंग. रुंदीला '३सी' म्हटलं की तीन सेंटिमीटर, 'आय' लावला की इंच. किती सोपं! नवखा माणूस दुपारभरात स्क्रीन उभी करायचा. पण आत प्रत्येक वेळी ती अक्षरं वाचून त्यांचा आकडा करावा लागे, आणि तोच आकडा पुढच्या ओळीत परत वाचावा लागे. १९९७ च्या टीसीएल ८.० मध्ये त्यावर उपाय केला. एकदा आकडा केला की तो स्ट्रिंगच्या शेजारी जपून ठेवायचा, लागला की तोच वापरायचा. वरून स्ट्रिंग, आतून आकडा. सगळं स्ट्रिंग आहे म्हणणाऱ्या भाषेलासुद्धा शेवटी पोटात टाइप ठेवावेच लागले.

एचटीएमएलचं तर काय सांगावं. बॅकग्राउंडच्या जुन्या रंगाच्या ॲट्रिब्यूटमध्ये तुम्ही काहीही लिहा, ब्राउझर नाही म्हणत नाही. नेटस्केपच्या जमान्यात लोकांनी वाट्टेल ते लिहून ठेवलं होतं, ती पानं मोडू नयेत म्हणून एचटीएमएल ५ च्या नियमांत तो सगळा प्रकार रीतसर लिहूनच टाकलाय. नियम असा: ओळखीच्या रंगाचं नाव नसेल तर सोळाच्या पाढ्यात न बसणारं प्रत्येक अक्षर शून्य करा, लांबीला तीनने भाग जाईपर्यंत शेवटी शून्यं लावा, तीन तुकडे करा, प्रत्येकातली पहिली दोन अक्षरं घ्या. मी इंग्रजीत 'भाकरी' लिहून बघितलं. बी, एच, ए, के, ए, आर, आय. यातले बी आणि ए तेवढे टिकतात, बाकीची शून्यं होतात. 'बी०ए', '०ए०', '०००' असे तीन तुकडे पडतात. म्हणजे लालाचे १७६, हिरव्याचे १०, निळ्याचा शून्य. भाकरीचा रंग गडद लाल! तव्यावर विसरली असावी :-)

हसू येतं, पण यामागचा विचार बघा. एचटीएमएलचा लिहिणारा कोणीही असू शकतो आणि वाचणाऱ्याला पान दिसलंच पाहिजे. म्हणून चूक गिळायची. वेबच्या पानासाठी हे बरोबरच होतं असं माझं मत आहे. गोष्ट बिघडते ती हीच सवय हिशोबाच्या स्क्रीनवर आल्यावर.

मधल्या काळात टूलवाल्यांनी वेगळी वाट काढली. नेक्स्टच्या इंटरफेस बिल्डरमध्ये जाँ-मारी ह्युलो यांनी बटणं माउसने ओढून आणायची आणि तारा जोडायची सोय केली. १९९५ च्या डेल्फीमध्ये फॉर्मची एक फाइल बने, आणि ती वाचून टीऑब्जेक्ट, टीपर्सिस्टंट, टीकंपोनंट, टीकंट्रोल अशा पिढ्यांतून आलेली खरीखुरी ऑब्जेक्ट्स उभी राहत. डेल्फीचे मुख्य आर्किटेक्ट अँडर्स हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेले आणि तिथे सी-शार्प आली. २००२ च्या पहिल्या डॉटनेटमध्येच टाइपकन्व्हर्टर नावाचा एक क्लास होता. काम एकच, दुभाष्याचं: स्ट्रिंग द्या, वस्तू घ्या, वस्तू द्या, स्ट्रिंग घ्या. व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रॉपर्टीच्या खिडकीत तुम्ही काहीतरी टाइप करता त्याचा फाँट किंवा रंग व्हायचा तो याच्यामुळे.

मग डब्ल्यूपीएफची झॅमल आली, आणि इथे दोन्ही गडी पहिल्यांदा उघडपणे एकत्र आले असं मी म्हणेन. झॅमलला बटण म्हणजे काय ते माहीतच नाही. तिला एवढंच माहीत: टॅग म्हणजे क्लास, ॲट्रिब्यूट म्हणजे प्रॉपर्टी. तुम्ही स्वतःचा क्लास लिहा, तोही टॅग झाला. बटणापासून वारसा घेतलात तर तुमचा टॅग बटण चालेल तिथे चालतो. तुम्ही स्वतःचा टाइप लिहा, त्याला एक टाइपकन्व्हर्टर चिकटवा, तोही अवतरणात लिहिता येतो. भाषा वाढवायला भाषेला हात लावावा लागत नाही. मला हे डिझाइन अजूनही अतिशय देखणं वाटतं, कोणी काही म्हणो. त्यात गमतीही आहेत. रुंदीला "२.५४सेमी" दिलं तर आत ९६ जातात. "ऑटो" दिलं तर आत काय जातं माहितीये? 'नॉट अ नंबर'. आकडा नाही असं सांगणारा आकडा.

पण डब्ल्यूपीएफमध्ये वारसा एक नाही, दोन आहेत. पहिला क्लासचा, तो नऊ पिढ्यांचा. दुसरा स्क्रीनवरच्या झाडाचा: खिडकीला फाँट साइझ १६ दिली की आतल्या पॅनेलला, त्यातल्या बटणाला, बटणातल्या अक्षरांना ती आपोआप मिळते. सीएसएसमध्ये जो वारसा म्हणतात तो हा. दोघांचं नाव एकच असल्याने नव्या पोरांचा हमखास गोंधळ उडतो. मी त्यांना सांगतो की पहिलं माहेर, दुसरं सासर. स्वभाव आणि नाकीडोळी माहेरची, जेवायच्या वेळा सासरच्या. बटण ज्या खिडकीत नांदायला जातं तिथल्या रीतीभाती ते उचलतं. सासरी एखादी रीत कोणी सांगितलीच नाही, तर माहेरची सवय चालू राहते.

हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच वाक्यावर उभी आहे.

आमच्याकडे मेंटेनन्सला आलेलं एक ॲप्लिकेशन होतं, औषधांच्या गोदामाचं. गोदाम कोणाचं ते सोडा. कोड आमच्याकडे येण्याआधी काही वर्षं चालू होता. एके दिवशी तिथल्या स्टोअरकीपर काकांचा फोन आला, "अहो, तुमच्या स्क्रीनवर पंचविसावा महिना दिसतोय." आम्ही बघितलं तर एक्सपायरीच्या रकान्यात ३/२५/२०२२. म्हणजे २५ मार्च, अमेरिकन पद्धतीने. कॉम्प्युटरची भाषा आणि देश भारत असाच होता. विंडोजच्या घड्याळात तारीख आपल्या पद्धतीने दिसत होती. फक्त या स्क्रीनवर नाही.

पंचविसावा महिना दिसला म्हणून काकांनी फोन तरी केला. पण ५ मार्चचं काय? ते दिसणार ३/५/२०२२. आपण वाचणार तीन मे. औषध मार्चमध्ये बाद झालंय आणि स्क्रीन बघणारा माणूस समजतोय की अजून दोन महिने आहेत. बारा तारखेच्या आतली प्रत्येक तारीख दिसायला अगदी व्यवस्थित आणि वाचायला चुकीची! टाइप करतानाही तेच. काकांनी २५/०३ टाकलं की खान्याभोवती लाल चौकट येई, म्हणून ते हुशारीने उलटं टाकायला शिकले होते. दुसऱ्या पाळीतला मुलगा मात्र ०५/०३ आपल्या पद्धतीने टाके आणि ते निमूट ३ मे म्हणून सेव्ह होई. लाल चौकट नाही, मेसेज नाही, काही नाही.

कारण शोधल्यावर जे सापडलं ते डब्ल्यूपीएफवर काम करणाऱ्या अनेकांना कधी ना कधी भेटतंच. झॅमलच्या फाइलमधल्या अक्षरांचं रूपांतर नेहमी ठरावीक इंग्रजी पद्धतीने होतं, आणि ते योग्यच आहे. जर्मनीत दशांश चिन्ह स्वल्पविराम असतो. तिथल्या मशीनवर "१०,५" चा अर्थ बदलला तर एकच फाइल दोन देशांत दोन स्क्रीन दाखवेल. पण बाइंडिंगमधून येणारा डेटा, म्हणजे डेटाबेसमधली तारीख, ही काही फाइलमधली अक्षरं नव्हेत. तिचं रूपांतर करताना डब्ल्यूपीएफ विचारतं त्या एलिमेंटच्या लँग्वेज नावाच्या प्रॉपर्टीला. ही प्रॉपर्टी झाडातून येते, सासरकडून. खिडकीवर कोणी ती लिहिली नसेल, आणि कोणीच लिहीत नाही, तर चालतो माहेरचा ठरावीक ऐवज. तो फ्रेमवर्कएलिमेंट या क्लासवर लिहून ठेवलाय: अमेरिकन इंग्रजी. विंडोजला कोणी विचारतच नाही.

दोन वारसे आणि एक रूपांतर, तिघंही आपापल्या जागी नियमाने वागत होते. नियमाने वागूनच औषध दोन महिने जास्त टिकवत होते.

उपाय एका ओळीचा आहे. ॲप्लिकेशन सुरू होताना फ्रेमवर्कएलिमेंटवरचा तो ठरावीक ऐवज बदलून विंडोजची भाषा लावायची, की खालचा सगळा वंश सुधारतो. नऊ पिढ्यांचा हा फायदा मान्य केलाच पाहिजे: आजोबांना एक सांगितलं की सगळी नातवंडं ऐकतात. अवघड भाग कोडचा नव्हताच. आधीच सेव्ह झालेल्या तारखांमधल्या बाराच्या आतल्या सगळ्या नोंदी एकेक खोक्यावरच्या छापील तारखेशी ताडून बघाव्या लागल्या. काका आणि तो मुलगा दोन आठवडे खोकी उचलत होते.

अशा कथा सगळीकडे साचल्या असणार, कारण २०१० नंतर वारा फिरलाच. गँग ऑफ फोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौघांनी १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्समध्ये क्लासच्या वारशापेक्षा जोडणीला पसंती द्या असं सांगून ठेवलं होतं, पण ते सल्ल्यासारखं सगळ्यांनी ऐकलं आणि सल्ल्यासारखंच सोडून दिलं. अँड्रॉइडमध्ये बटणाचा बाप टेक्स्टव्ह्यू आहे आणि चेकबॉक्सचा आजोबा बटण. म्हणजे चेकबॉक्स हा एक प्रकारचा मजकूर! वडिलोपार्जित जमिनीबरोबर कर्ज येतं ते असं. लागो न लागो, मजकुराचं सगळं सामान चेकबॉक्सच्या सातबाऱ्यावर चढलंय.

क्यूटीचं क्यूएमएल सप्टेंबर २०१० मध्ये क्यूटी ४.७ बरोबर आलं. तिथे वारसा अजून आहे पण हलका केलेला. फाइलचं नाव हे नव्या टाइपचं नाव, आणि फाइलमधली सगळ्यात बाहेरची वस्तू हा त्याचा आधार. "१५०x५०" लिहिलं की त्याचा साइझ होतो, "रेड"चा रंग. थेट चुकीची अक्षरं दिली तर फाइल लोडच होत नाही. पण एखाद्या एक्स्प्रेशनमधून चुकीची गोष्ट आली तर कन्सोलवर एक ओळ उमटते आणि स्क्रीन तशीच पुढे चालू. क्यूटी ६ च्या काळात मात्र हे टाइप आधीच तपासायचं आणि क्यूएमएलमधून सी प्लस प्लस बनवायचं काम जोरात झालं.

रिॲक्ट २०१३ साली आलं. त्यातही काही वर्षं बरेचसे कंपोनंट 'रिॲक्ट डॉट कंपोनंट'चे वारस असायचे, पण बापाच्या पुढे पिढी वाढवू नका असं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच होतं. फेब्रुवारी २०१९ च्या हुक्सनंतर नव्या कोडमधून तो एक बापही बहुतेक गेला. त्याच वर्षी ॲपलची स्विफ्टयूआय आली. तिथे व्ह्यू हा क्लासच नाही, एक करार आहे, आणि बटण हे साधं स्ट्रक्ट. वारसा बंद. अँड्रॉइडचं कंपोज जुलै २०२१ मध्ये १.० झालं. तिथे बटण म्हणजे फंक्शन. रूपांतरही लपलेलं नाही: सोळा डीपी हवेत तर १६ लिहून टिंब देऊन 'डीपी' लिहायचं. नुसते १६ दिले तर कंपायलर अडवतो. दुभाषा पडद्यामागून पुढे आला आणि त्याच्या नावाची पाटी लागली. मला हे सगळ्यात जास्त पटतं. चार अक्षरं जास्त लिहावी लागतात, पण खोकी उचलावी लागत नाहीत.

स्विफ्टयूआयमध्ये मात्र एक लबाडी राहिलीये, आणि ती आपल्याला मराठीत काम करताना लागते. टेक्स्टमध्ये सरळ अवतरणात 'सेव्ह' हा शब्द इंग्रजीत लिहिला तर कंपायलर त्याचं स्ट्रिंगमध्ये रूपांतर करत नाही, भाषांतराच्या किल्लीत करतो. मग मराठी फोनवर 'जतन करा' दिसतं. तोच शब्द आधी एका स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये ठेवून ते व्हेरिएबल टेक्स्टला दिलं की भाषांतर गायब, इंग्रजीच दिसणार. अक्षरं तीच, अर्थ दोन, एरर एकही नाही. अर्धी स्क्रीन मराठी आणि अर्धी इंग्रजी अशी ॲप्स दिसतात त्यामागे कधीकधी हे असतं. लिहिणारा इंग्रजी फोनवर तपासतो, त्याला दोन्ही सारखंच दिसतं.

आणि वारसा खरंच गेला का? कंपोजची स्क्रीन जुन्या अँड्रॉइड स्क्रीनच्या आत बसवायची तर कंपोजव्ह्यू नावाचा क्लास वापरावा लागतो. काल रात्री त्याचीही वंशावळ काढली. बाप ॲब्स्ट्रॅक्टकंपोजव्ह्यू, आजोबा व्ह्यूग्रुप, पणजोबा व्ह्यू, मूळपुरुष ऑब्जेक्ट. नऊवरून चारवर आलोय.